आकडा दिसतो, नाव दिसत नाही: ऑनलाइन लिलावांतल्या गोपनीयतेचा आढावा

सोलापूर–हैदराबाद महामार्गावरच्या अणदूरमधल्या शेतकऱ्याला तूर किंवा सोयाबीन विकायचे तर वाटा बऱ्याच आहेत. गावातल्या काट्यावर घालता येते. नळदुर्ग जवळ, तुळजापूर तालुक्याचे ठिकाण. टेम्पोभर माल असेल तर सोलापूर किंवा लातूर. पलीकडे तुरीला भाव चढा असल्याचे कानावर आले तर सीमा ओलांडून आळंद, कलबुर्गी. भाड्याचा हिशोब तो करतोच. पण भाव ठरण्याची रीतही प्रत्येक ठिकाणी निराळी आहे. गावच्या काट्यावर एकच माणूस दर सांगतो. बाजार समितीच्या आवारात ढिगाभोवती खरेदीदार जमतात, बोली चढते आणि कोण कुठे थांबला हे सगळ्यांना दिसते. कर्नाटकातल्या बाजारांत व्यापारी आपला दर संगणकात भरतो आणि वेळ संपेपर्यंत तो झाकलेला राहतो. केंद्र सरकारच्या ‘ई-नाम’ या ऑनलाइन बाजारावर आकडा चढताना मोबाइलवर दिसतो, त्यामागचे नाव दिसत नाही.

बोली लावणाऱ्याची ओळख झाकावी की उघडी करावी, हा वाद ऑनलाइन लिलावांइतकाच जुना आहे. जुन्या वस्तूंच्या विक्रीपासून स्पेक्ट्रमपर्यंत आणि बँकेने जप्त केलेल्या घरांपासून शेतमालापर्यंत तो पोचला आहे. दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसे आहेत आणि दोन्ही बाजूंकडे पुरावाही आहे. हा आढावा मुख्यतः शेतमालाच्या अंगाने घेतला आहे, कारण आपल्या भागात लिलाव म्हटले की आधी तोच आठवतो. इतर क्षेत्रांतले अनुभव गरजेपुरते घेतले आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी करून ठेवतो. या वादात बहुतेक वेळा तीन निरनिराळ्या बाबी एकमेकींत मिसळतात: बोलीचा आकडा, ती लावणाऱ्याचे नाव, आणि त्याने याआधी कुठे कशी बोली लावली याची नोंद. शिवाय प्रत्येकीबाबत ‘कुणाला’ आणि ‘केव्हा’ हे प्रश्न उरतातच. लिलाव चालू असताना प्रतिस्पर्ध्याला नाव कळणे वेगळे; सौदा मिटल्यावर माल विकणाऱ्याला किंवा तपास यंत्रणेला कळणे वेगळे. पुढे येणारी बरीच भांडणे हा फरक न केल्यामुळे लांबली आहेत, असे माझे मत आहे.

रुमालाखालून ओट्यावर

आज गोपनीयतेच्या बाजूने जे बोलले जाते त्याचा मोठा भाग आपल्या बाजारांत पूर्वी बोलून झालेला आहे. हत्ता पद्धतीत आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हातात हात घालत आणि बोटे दाबून दर ठरवत. ही करपल्लवी ज्याला येते त्यालाच कळे. एका खरेदीदाराने काय दर दिला ते दुसऱ्याला समजत नसे, आणि शेतकरी तर दोघांच्या पलीकडे उभा. त्याच्याच मालाचा भाव त्याला सर्वांत शेवटी सांगितला जाई. सगळ्या बोली ठाऊक असलेला माणूस एकच, तो म्हणजे आडत्या.

या पद्धतीचे समर्थन करणारे अगदीच चुकीचे बोलत नव्हते. दुसऱ्याला कळणार नाही याची खात्री असली की खरेदीदार आपला खरा दर सांगतो, चारचौघांत हरल्याची नामुष्की येत नाही, आणि एकमेकांचे बघून दर पाडले जात नाहीत, असे त्यांचे म्हणणे. बंद लिफाफ्यातल्या निविदेच्या बाजूने पुढे अर्थशास्त्रज्ञांनी जे मांडले त्याच्याशी हे बरेच जुळते. फरक इतकाच की लिफाफा सगळ्यांसमोर उघडावा लागतो. रुमाल तसा कधी उघडत नसे.

नियंत्रित बाजारांचा इतिहास बऱ्याच अंशी या रुमालाविरुद्धचा आहे. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने वऱ्हाडातल्या कारंजा येथे पहिला नियंत्रित बाजार उभा राहिला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने देशभर असे बाजार असावेत अशी शिफारस केली. निजामाच्या राज्यात कृषी बाजारांचा कायदा १९३० चा. त्या वेळी अणदूरचा उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि लातूर या जिल्ह्याचाच भाग होते. ते १९८२ मध्ये वेगळे झाले. मुंबई प्रांताचा कायदा १९३९ मध्ये आला, आणि महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ चा, त्याखालचे नियम १९६७ चे. उघड लिलाव, तपासलेले वजन आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी, हे या सगळ्या कायद्यांचे समान सूत्र.

हत्ता त्याने संपला असे नाही. जनावरांच्या बाजारात उपरण्याखालचे सौदे अजून दिसतात. वाशीच्या फळबाजारात हापूसचे व्यवहार रुमालाखाली होत असल्याच्या बातम्या कायदा होऊन कित्येक दशके उलटल्यावरही येत राहिल्या.

नियंत्रित बाजार उभे करणाऱ्या सुधारकांना एक निर्णय मात्र कधी घ्यावाच लागला नाही. ओट्यावरच्या लिलावात आकडा आणि माणूस एकदमच समोर येतात. बोली ऐकू आली की बोलणारा दिसतोच. म्हणून ‘उघड लिलाव’ म्हणताना आकडा उघडा हवा की नाव, हे कुणी वेगवेगळे ठरवले नाही. संगणकाने या दोन गोष्टी प्रथमच एकमेकींपासून सोडवल्या.

पडद्यावरचा लिलाव

सर्वसामान्य माणसाला ऑनलाइन लिलाव माहीत झाला तो ‘ईबे’मुळे. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या कंपनीने २००४ मध्ये मुंबईची ‘बाझी डॉट कॉम’ विकत घेतली; भारतातला तो अवतार २०१८ मध्ये बंद झाला. सुरुवातीच्या काळात ईबेवर कोणत्या सभासदाने किती बोली लावली हे कुणालाही पाहता येई. याचा फायदा भामट्यांनी घेतला. लिलावात हरलेल्या माणसाला गाठून ‘पहिला ग्राहक फिरला, वस्तू तुम्हालाच देतो’ असे सांगून पैसे उकळण्याचे प्रकार वाढले. २००६ च्या अखेरीपासून कंपनीने ब्रिटनमध्ये जास्त किमतीच्या वस्तूंवरच्या बोलीदारांची नावे झाकायला सुरुवात केली.

मग तक्रार उलट दिशेने आली. विक्रेता स्वतःच दुसऱ्या नावाने, किंवा मित्रांकरवी, आपल्याच वस्तूवर बोली चढवत असेल तर ते ओळखायचे कसे? पूर्वी चौकस ग्राहक नावे ताडून पाहत. आता ते साधन गेले. अशा डमी बोलीबद्दल ब्रिटनमधली पहिली शिक्षा २०१० मध्ये झाली. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या, आणि त्यातून निघालेली तडजोड लक्षात ठेवण्यासारखी आहे: नाव झाकलेले, पण त्या झाकलेल्या बोलीदाराने अलीकडे किती बोली लावल्या आणि त्यांतल्या किती टक्के याच विक्रेत्याच्या वस्तूंवर होत्या, हे पाहता येते. म्हणजे ओळख आड आणि वर्तन उघडे.

शेतमालात हे वळण उशिरा आले. कर्नाटकाने २०१४ मध्ये राज्यातले बाजार एका संगणकीय जाळ्यात आणायला सुरुवात केली; त्यासाठी राज्य सरकार आणि एनसीडीईएक्स या वायदे बाजाराच्या समूहातली कंपनी यांच्या भागीदारीत स्वतंत्र संस्था काढली. केंद्राचे ‘ई-नाम’ १४ एप्रिल २०१६ रोजी आठ राज्यांतल्या २१ बाजारांत सुरू झाले. २०२३ पर्यंत त्यात १,३६१ बाजार आले. त्यांत महाराष्ट्रातले शंभराहून अधिक. फाटकावर नोंद, लॉट क्रमांक, नमुना, ओलावा-माती-काडीकचऱ्याची तपासणी, मग परवानाधारक खरेदीदारांची बोली, वजन आणि खात्यात पैसे, असा त्याचा क्रम. शेतकऱ्याला आपल्या लॉटवरची बोली ॲपवर चढताना पाहता येते आणि भाव पटला नाही तर सौदा नाकारताही येतो. खरेदीदाराचे नाव कागदावर येते ते सौदा झाल्यावर.

इथे एक सावधगिरी हवी. अनेक बाजारांत लिलाव अजून ओट्यावरच होतो आणि ठरलेला आकडा नंतर संगणकात भरला जातो. कागदोपत्री तो ऑनलाइन सौदा, प्रत्यक्षात जुनाच. त्यामुळे ‘ई-नामने भाव वाढले’ किंवा ‘वाढले नाहीत’ अशी ठाम विधाने वाचताना, तिथे संगणकावर खरोखर बोली लागली होती का, हे आधी विचारायला हवे.

उघडेपणाच्या बाजूने

नाव दिसायला हवे असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत मजबूत मुद्दा पैशाच्या वसुलीचा आहे. सिद्धान्ताच्या पुस्तकात सर्वांत मोठी बोली म्हणजे सर्वांत चांगली बोली. आवारात तसे नसते. एकाने क्विंटलमागे पन्नास रुपये जास्त दिले पण पट्टी महिनाभर थकवली, तर दुसऱ्याचा रोखीचा कमी भाव बरा. कोणता खरेदीदार पैसे वेळेवर देतो, कोण वजनाच्या वेळी ओलाव्याचे निमित्त काढून दर तोडतो, हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. सौदा नाकारण्याचा अधिकार त्याला दिला आणि बोली कुणाची हेच सांगितले नाही, तर तो अधिकार निम्माच राहतो.

दुसरा मुद्दा डमी बोलीचा आणि संगनमताचा. नावे दिसली तर एकच खरेदीदार रोज एकाच आडत्याचा माल घेतो का, काही जण पाळीपाळीने जिंकतात का, हे कुणीही पाहू शकतो. सार्वजनिक पैशाच्या व्यवहारांत तर हा आग्रह आणखी तीव्र होतो, आणि आपल्या तालुक्याला त्याचे वेगळे कारण सांगावे लागत नाही. तुळजाभवानी मंदिरातल्या दानपेट्यांचे १९९१ ते २००९ या काळातले लिलाव चौकशीच्या फेऱ्यात अडकले आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याबाबत गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. प्रकरणाचा निकाल न्यायालय देईल. पण लिलाव कुणाला, किती रकमेला आणि कशाच्या आधारे गेला हे त्या त्या वेळी सर्वांसमोर राहिले असते तर इतकी वर्षे शंकेत गेली नसती, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देणे अवघड आहे.

तिसरा मुद्दा सिद्धान्ताचा, आणि तो आकड्याबद्दल आहे, नावाबद्दल नाही. पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट वेबर यांनी १९८२ मध्ये दाखवले की वस्तूची खरी किंमत कुणालाच नक्की माहीत नसते तेव्हा इतरांच्या बोली दिसल्याने खरेदीदाराची भीती कमी होते आणि सरासरीने भाव वर जातो. मिलग्रॉम यांना २०२० मध्ये रॉबर्ट विल्सन यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते लिलावांवरच्या कामासाठीच. दूरच्या गावातला डाळमिलवाला माल न पाहता फक्त तपासणीच्या आकड्यांवर तूर घेणार असेल, तर बाकीचे काय दर देताहेत ही त्याच्यासाठी मालाबद्दलचीच माहिती असते.

आडोशाच्या बाजूने

या बाजूचे मूळ जॉर्ज स्टिगलर यांच्या १९६४ च्या लेखात सापडते. खरेदीदारांनी किंवा ठेकेदारांनी आपसांत रिंग केली तर तिला सर्वांत मोठा धोका आतूनच असतो: कुणीतरी ठरलेला दर मोडून हळूच जास्त देईल. सगळ्या बोली नावानिशी जाहीर झाल्या की मोडणारा लगेच पकडला जातो. म्हणजे ग्राहकाच्या भल्यासाठी केलेला खुलासा रिंगलाच पहारेकरी पुरवतो.

हे कागदावरचे भय नाही. अमेरिकेतल्या दूरसंचार आयोगाच्या १९९६–९७ च्या स्पेक्ट्रम लिलावात बोली आणि नावे दोन्ही उघड होती. काही कंपन्यांनी बोलीच्या शेवटच्या तीन आकड्यांत निरोप पाठवायला सुरुवात केली. मिनेसोटातल्या रॉचेस्टर या भागाचा क्रमांक ३७८ होता. तिथून प्रतिस्पर्ध्याने हटावे म्हणून एका कंपनीने त्याच्या आवडत्या दुसऱ्या भागांवर ३७८ ने संपणाऱ्या बोली टाकल्या. कोट्यवधी डॉलरच्या लिलावात करपल्लवीच चालली होती म्हणायची. आयोगाने पुढे बोलीचे आकडे ठरावीक पर्यायांतून निवडायला लावले आणि नंतर बोलीदारांची नावे लिलाव संपेपर्यंत झाकून टाकली.

डेन्मार्कचा अनुभव लिलावाचा नाही, पण या वादात तो नेहमी येतो. तिथल्या स्पर्धा मंडळाने १९९३ मध्ये तयार काँक्रीटच्या कंपन्यांनी ग्राहकांना प्रत्यक्ष लावलेले दर कंपनीनिहाय प्रसिद्ध करायला सुरुवात केली. हेतू स्पर्धा वाढवण्याचा होता. वर्षभरात दर १५ ते २० टक्क्यांनी चढले. कोण गुपचूप सवलत देतो हे सगळ्यांना कळू लागले आणि सवलती आटल्या.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने बंगळुरूच्या सामाजिक व आर्थिक बदल संस्थेकडून कांदा बाजारांचा अभ्यास करून घेतला होता. २०१२ च्या त्या अहवालात महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या बाजारांत मोजक्या व्यापाऱ्यांची पकड आणि संगनमताच्या खुणा नोंदल्या आहेत. आणि हे बाजार उघड लिलावाचे होते. ज्या आवारात सगळे एकमेकांना बघत बोली लावतात, तिथे सगळे एकमेकांना आवरतही असतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००९ मध्ये सरकारी खरेदीतल्या संगनमताविरुद्ध जी मार्गदर्शक सूत्रे काढली त्यांत बोलीदारांची ओळख लिलावादरम्यान उघड न करण्याचा सल्ला आहे तो याच कारणाने.

आणखी एक बाजू पैशाची नाही, भीतीची आहे. वाळूघाटाच्या लिलावात नवखा माणूस उतरला हे आधी कळले तर त्याला ‘समजावणारे’ त्याच्या घरी पोचतात, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. आवारात नव्याने परवाना घेतलेल्या छोट्या खरेदीदाराचीही अडचण अशीच: आज याने भाव चढवला हे ज्येष्ठांच्या ध्यानात राहिले तर उद्या त्याला हमाल मिळत नाही किंवा गोदाम मिळत नाही. अशा माणसासाठी झाकलेले नाव हा बाजारात टिकण्याचा मार्ग असतो.

डेन्मार्कचाच आणखी एक दाखला ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्याने मुद्दाम वाचावा असा आहे. युरोपीय संघाने साखरेचे धोरण बदलल्यावर तिथल्या बीट उत्पादकांना आपापले उत्पादनाचे हक्क एकमेकांत विकायचे होते. देशात बीट घेणारी कंपनी एकच, डॅनिस्को. शेतकऱ्यांना भीती होती की कोणत्या दराला आपण हक्क सोडायला तयार आहोत हे कंपनीला कळले तर आपली आर्थिक नड तिला कळेल, आणि पुढच्या कराराच्या वेळी ती वापरली जाईल. कारखान्याकडे ऊस नोंदवून तोडीची वाट पाहणाऱ्याला ही भीती समजावून सांगायला नको. जानेवारी २००८ मध्ये त्यावर तोडगा निघाला. सुमारे १,२०० शेतकऱ्यांच्या बोली सांकेतिक रूपात तीन ठिकाणी वाटल्या गेल्या: कंपनी, उत्पादकांची संघटना आणि संशोधकांचा गट. तिघांनी मिळून गणित केले तरच बाजारभाव निघे. एकट्याला कुणाचीही बोली वाचता येत नसे. अर्ध्या तासात हिशोब झाला आणि सुमारे २५ हजार टनांचे हक्क हस्तांतरित झाले. लिलाव चालवणाऱ्यालाही बोली दिसू नयेत, ही अट पाळून मोठ्या प्रमाणावर झालेला जगातला हा पहिला लिलाव मानला जातो.

शेजारच्या राज्यातला पुरावा

बंद बोली आणि उघडी बोली यांची तुलना आपल्या जवळच्या पिकांवर झाली ती कर्नाटकात. रेत्सेफ लेव्ही, मनोज राजन, सोम्या सिंघवी आणि यानचोंग झेंग यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार राज्यातले बाजार संगणकाने जोडल्यानंतर सर्वसाधारण दर भाताला सरासरी ५.१, भुईमुगाला ३.६ आणि मक्याला ३.५ टक्क्यांनी वाढले. कापूस, मूग आणि तुरीवर मात्र लक्षणीय परिणाम आढळला नाही. अणदूरच्या शेतकऱ्याने तूर घेऊन सीमा ओलांडावी की नाही, यासाठी यादीतले हे शेवटचे पीकच महत्त्वाचे.

याच अभ्यासकांनी पुढे एक मधला मार्ग तपासला. २०१९ मध्ये एका कडधान्य बाजारात पहिल्या फेरीत बंद बोली घेतल्या आणि मग वरच्या बोली लावणाऱ्यांना दुसऱ्या फेरीत दर वाढवण्याची संधी दिली. भाव ४.७ टक्क्यांनी चढल्याचे त्यांना आढळले. इथे नावे कुणालाच सांगितली नव्हती. फक्त आपण वरच्या गटात आहोत इतकेच खरेदीदाराला कळले. थोडी, पण नेमकी माहिती द्यावी, असा यातून अर्थ निघतो. एका बाजारातल्या प्रयोगावरून राज्यभराचे धोरण ठरवावे का, हा प्रश्न अर्थात राहतोच.

दहा जणांच्या बाजारातली गोपनीयता

वरचे बरेचसे संशोधन असे गृहीत धरते की झाकलेले नाव खरोखर झाकले जाते. तालुक्याच्या बाजारात हे गृहीतक कितपत टिकते याची मला शंका आहे. मोठे खरेदीदार आठ-दहा. कुणाची डाळमिल आहे, कुणाचे वेअरहाउसमध्ये साठे आहेत, कुणाला कोणता ओलावा चालतो, हे बाकीच्यांना पाठ असते. फोन खिशात असतात आणि चहाचे हॉटेल आवारालगतच. पडद्यावर नाव नसले तरी आकडा पाहून ‘हा अमुकच’ असे ते ओळखतात. केरळातल्या पुट्टडी आणि तमिळनाडूतल्या बोडिनायकनूर इथे वेलदोड्याचे ई-लिलाव होतात तेव्हा व्यापारी एकाच सभागृहात, आपापल्या कळफलकासमोर बसलेले असतात. यंत्र आले म्हणून माणसे अनोळखी होत नाहीत.

मग न ओळखणारा उरतो कोण? शेतकरी. तो वर्षातून दोन-चारदाच येतो, आकडे ओळखण्याची त्याला सवय नसते. म्हणजे ज्यांच्यातले संगनमत रोखण्यासाठी नावे झाकली, त्यांना ती ठाऊक. आणि ज्याला पैसे देणारा कोण हे कळायला हवे, त्याला नाही. लहान बाजारातली गोपनीयता अशी एकतर्फी पडते. यावरून नावे सरसकट उघडी करावीत असा निष्कर्ष काही जण काढतात. दुसरे म्हणतात की दोष झाकण्यात नसून बाजार बंदिस्त असण्यात आहे. बाहेरचे खरेदीदार खरोखर आले की ओळखण्याचा खेळ संपेल. मला दुसरे म्हणणे जास्त पटते, पण बाहेरचे खरेदीदार येईपर्यंतच्या काळाचे काय, याला त्यात उत्तर नाही.

कायदा कुठे उभा आहे

कायद्यात या प्रश्नाला एक असे उत्तर नाही, तुकडे आहेत. स्पर्धा कायदा, २००२ बोलीतले संगनमत हा गंभीर स्पर्धाभंग मानतो, पण कोणती माहिती प्रसिद्ध करावी हे सांगत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ८(१)(डी) ने व्यापारी गुपितांना आडोसा दिला आहे, व्यापक जनहित असेल तर तो हटतो. वैयक्तिक माहितीबाबतच्या कलम ८(१)(जे) मध्येही जनहिताची अशीच अट होती. ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३’ ने ते कलम बदलून सूट सरसकट केली. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची वाट कलम ८(२) मध्ये अजून आहे, असे सरकार म्हणते; माहिती अधिकाराचे कार्यकर्ते ती वाट अरुंद मानतात.

लिलावाच्या संदर्भात यातून एक चमत्कारिक पेच निघतो. २०२३ चा कायदा व्यक्तीच्या माहितीला संरक्षण देतो, कंपनीच्या नाही. आपल्या आवारातल्या बऱ्याच पेढ्या मालकीच्या आहेत. पेढीची बोली म्हणजे त्या माणसाचीच बोली. मग ती वैयक्तिक माहिती की व्यापारी व्यवहार? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, पण परवाना घेऊन सार्वजनिक बाजारात केलेल्या बोलीला तो किती लागू होतो, याची सीमारेषा अजून आखलेली नाही.

बँकांच्या लिलावांत तर असमतोल उघड दिसतो. २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याखालच्या विक्रीच्या नोटिशीत कर्जदाराचे नाव, पत्ता, थकबाकी सगळे छापले जाते. बोली लावणारा मात्र पोर्टलवर आकड्यापुरता असतो. शेतजमीन त्या कायद्याच्या कलम ३१ ने वगळली आहे, पण सहकारी संस्थांची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे कलम १५६ आणि नियम १०७ यांखाली जमिनीपर्यंत पोचते. गावात जप्त झालेल्या शेतीवर बोली लावणे हे भावकीत आयुष्यभराचे वैर घेणे असते, म्हणून अनेक लिलावांना कुणी फिरकत नाही. नाव झाकले तर बोली येतील आणि कर्जदाराला बरी किंमत मिळेल, हे एक म्हणणे. जमीन कुणी घेतली हे सातबाऱ्यावर येणारच, मग आधी झाकून फक्त बेनामी माणसांची सोय होते, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे.

न सुटलेले

काही बाबतींत मतभेद कमी होत आहेत. लिलाव चालू असताना प्रतिस्पर्ध्यांना एकमेकांची नावे सांगू नयेत, यावर अभ्यासकांत बऱ्यापैकी एकमत दिसते. सौदा मिटल्यावर विक्रेत्याला खरेदीदाराचे नाव मिळावे, यावरही. या दोन टोकांच्या मधल्या क्षणाबद्दल मात्र काहीच ठरलेले नाही: सर्वांत मोठी बोली आली आहे आणि शेतकऱ्याने ती स्वीकारायची की नाकारायची आहे. तेव्हा त्याला नाव द्यावे का? की नावाऐवजी ईबेसारखी वर्तनाची नोंद, म्हणजे हा खरेदीदार सरासरी किती दिवसांत पैसे देतो, वजनानंतर किती वेळा दर तोडतो, एवढी पुरेल? दुसरा पर्याय मला वापरण्याजोगा वाटतो, पण त्यासाठी वजनानंतरची तोड आणि पैसे मिळाल्याची तारीख संगणकात खरी भरली जायला हवी. बाजार ओट्यावर आणि नोंद नंतर, ही रीत चालू आहे तोवर ती नोंद विश्वासाची होणार नाही.

साठलेल्या माहितीची मालकी हा पुढचा पेच. आज किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर पणन मंडळ आणि केंद्राची यंत्रणा रोज प्रसिद्ध करतात. त्याखाली प्रत्येक लॉटवरच्या हरलेल्या बोलीही कुठेतरी साठत आहेत. रिंग शोधण्यासाठी त्याच सर्वांत उपयोगी: कोण नेहमी थोडक्यात हरतो, कुणाच्या बोली एकमेकींना चिकटून येतात, हे त्यांतूनच दिसते. त्या नावे पुसून संशोधकांना द्याव्यात, फक्त स्पर्धा आयोगाला द्याव्यात, की ठरावीक काळाने नष्ट कराव्यात? प्रत्येक पर्यायाचे समर्थक आहेत. लहान बाजारात नावे पुसूनही माणसे ओळखता येतात, ही वर आलेली अडचण इथेही आड येते.

आणि आंतरराज्य सौदे. ई-नामचा मूळ हेतू असा की अणदूरच्या तुरीवर इंदूरच्या मिलवाल्यानेही बोली लावावी. असे सौदे एकूण उलाढालीत अजून फार थोडे आहेत. ते वाढले तर बोलीदार पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने अनोळखी होईल, आवारातल्या जुन्या खरेदीदारांनासुद्धा. तेव्हा नाव सांगूनही शेतकऱ्याला उपयोग नाही, कारण ते नाव त्याने कधी ऐकलेलेच नसेल. त्याला हमी लागेल ती पैशाची, आणि ती बाजार समितीने द्यायची, पोर्टलने द्यायची की खरेदीदाराच्या राज्याने, यावर धोरणकर्त्यांत अजून चर्चाच चालू आहे.